लहान ट्रॅक्टरसाठी रोटरी कटरच्या आकारमानाची निवड : एक विश्लेषणात्मक अभ्यास

सारांश

फळबागेतील गवत, पडीक जमिनीवरील झुडपे व पिकांचे उभे अवशेष कापण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे जोडले जाणारे रोटरी कटर हे यंत्र लहान ट्रॅक्टरधारकांकडून मोठ्या प्रमाणावर विचारात घेतले जाते. या यंत्राची रुंदी ठरविताना इंजिनाच्या अश्वशक्तीचा एकच आकडा पाहण्याची प्रथा रूढ आहे. ही प्रथा अपुरी असून कटरची रुंदी ही एका किमान व दोन कमाल मर्यादांच्या दरम्यान शोधावी लागते, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. चाकांची बाहेरील रुंदी ही किमान मर्यादा होय. पीटीओवर प्रत्यक्ष मिळणारी शक्ती आणि पुढील आसावर शिल्लक राहणारा भार या दोन कमाल मर्यादा होत. या तीन मर्यादांचे स्वरूप, त्यांची साधी गणिते आणि महाराष्ट्रातील बागायतीच्या संदर्भात त्यांचा अर्थ यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लहान ट्रॅक्टर, रोटरी कटर, पीटीओ शक्ती, आसावरील भार, शेती यांत्रिकीकरण, सुरक्षितता.

१. प्रस्तावना

भारतीय शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विचार करताना धारणक्षेत्राचा आकार हा मूलभूत घटक ठरतो. सन २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास होते. एवढ्या क्षेत्रासाठी ४५ ते ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर बहुसंख्य शेतकऱ्यांना परवडत नाही आणि द्राक्ष, डाळिंब यांसारख्या बागांच्या ओळींमध्ये तो सुलभतेने वळतही नाही. परिणामी १५ ते ३० अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरांना मागणी निर्माण झाली. सन २०१४-१५ मध्ये केंद्र शासनाने कृषी यांत्रिकीकरण उपअभियान सुरू केल्यानंतर ट्रॅक्टर व अवजारांच्या खरेदीस अनुदानाचीही जोड मिळाली.

तथापि ट्रॅक्टर हे केवळ शक्तीचे साधन आहे. प्रत्यक्ष काम अवजार करते. अवजार ट्रॅक्टरला साजेसे नसेल तर ट्रॅक्टरवर केलेला खर्च अंशतः वाया जातो. लहान ट्रॅक्टरच्या बाबतीत ही गोष्ट अधिक प्रकर्षाने जाणवते, कारण त्याच्याजवळ शक्ती व वजन या दोहोंचाही अतिरिक्त साठा नसतो. मोठा ट्रॅक्टर अवजाराच्या निवडीतील चूक काही काळ सहन करतो; लहान ट्रॅक्टर ती सहन करीत नाही. या चुकीची किंमत कधी तुटलेल्या गिअरबॉक्सच्या, कधी थकलेल्या कर्जाच्या, तर कधी चालकाच्या जीविताच्या रूपाने मोजावी लागते. म्हणूनच वरकरणी तांत्रिक वाटणारा हा प्रश्न ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या अभ्यासकांनीही समजून घेणे आवश्यक ठरते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) रोटरी कटरच्या कार्याचे तत्त्व स्पष्ट करणे.
(२) कटरच्या रुंदीवर मर्यादा घालणाऱ्या घटकांचे विश्लेषण करणे.
(३) रुंदी व प्रत्यक्ष होणारे काम यांच्या संबंधाची तपासणी करणे.
(४) आकारमानाच्या निवडीचा सुरक्षिततेशी असलेला संबंध मांडणे.

लेखाची व्याप्ती तीन बिंदू जोडणीवर उचलल्या जाणाऱ्या, एकाच उभ्या आसाच्या कटरपुरती मर्यादित आहे. विवेचनातील ट्रॅक्टर व कटर यांची मापे उदाहरणादाखल घेतली असून ती कोणत्याही विशिष्ट कंपनीच्या उत्पादनाची नाहीत.

३. रोटरी कटर : स्वरूप व पार्श्वभूमी

ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन बिंदूंवर जोडून ते हायड्रॉलिक पद्धतीने उचलण्याची रचना हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केली आणि सन १९३९ च्या फोर्ड ९ एन या ट्रॅक्टरमुळे ती अमेरिकेत सर्वदूर पोहोचली. या रचनेस पीटीओ दांड्याची जोड मिळाल्यावर मागील अवजार केवळ ओढण्याऐवजी फिरविणेही शक्य झाले. अमेरिकेतील अलाबामा राज्यातील सेल्मा येथे सन १९५१ मध्ये स्थापन झालेल्या बुश हॉग या कंपनीचे नाव तेथील दक्षिणेकडील राज्यांत या यंत्राचे सामान्यनामच होऊन बसले. महाराष्ट्रात शेतकरी व विक्रेते या यंत्रास बहुधा ‘स्लॅशर’ असे म्हणतात. जमीन भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर आणि जमिनीला स्पर्श न करता वरची वाढ कापणारा रोटरी कटर ही दोन भिन्न यंत्रे आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

कटरची रचना साधी असते. पोलादी छताखाली एक उभा आस असतो. त्याच्या खालच्या टोकाला आडवी पट्टी किंवा तबकडी बसविलेली असते व तिच्या टोकांना सैल खिळीवर दोन किंवा अधिक पाती लटकविलेली असतात. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे गिअरबॉक्समध्ये वाढून पात्यांना साधारणतः ८०० ते १००० फेरे मिळतात. पाती सैल असल्याने दगड वा बुंधा आडवा आल्यास ती मागे वळतात आणि आघाताचा काही भाग वाचतो.

हे यंत्र कात्रीसारखे दोन धारांमध्ये धरून कापीत नाही. गवताच्या काडीला खालून आधार नसतो. काडीचे स्वतःचे वजन व ताठपणा हाच तिचा आधार असतो. म्हणून पाते काडी वाकण्यापूर्वीच तिच्यातून आरपार गेले पाहिजे. यासाठी पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला साधारण ५० ते ७५ मीटर एवढा असावा लागतो. १.२ मीटर व्यासाचे पाते मिनिटाला १००० फेरे घेत असेल तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २२६ किलोमीटर होतो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. इंजिनावर भार पडून फेरे २० टक्क्यांनी घटले, तर पात्यातील ऊर्जा ३६ टक्क्यांनी घटते. गवत कापले न जाता फाटते व आडवे पडते. अपुऱ्या शक्तीच्या ट्रॅक्टरमागे मोठा कटर जोडल्यास ‘पाती बोथट झाली’ अशी जी तक्रार येते, तिचे मूळ पुष्कळदा धारेत नसून घटलेल्या फेऱ्यांत असते.

४. रुंदीच्या मर्यादांचे विश्लेषण

४.१ किमान मर्यादा : चाकांची बाहेरील रुंदी

ट्रॅक्टरची मागील चाके कटरच्या पुढे धावतात. चाकांखाली दबलेले गवत कटरच्या कक्षेत आले तर ते पात्यांच्या हवेने काही प्रमाणात पुन्हा उभे राहते व कापले जाते. कटर चाकांपेक्षा अरुंद असेल तर चाकांच्या बाहेरील कडांखालचे गवत दबलेलेच राहते आणि पुढील फेरीतही ते नीट कापले जात नाही. यास्तव कटरची रुंदी मागील दोन्ही चाकांच्या बाहेरील कडांमधील अंतराइतकी तरी असावी. ती १० ते १५ सेंटिमीटर अधिक असल्यास उत्तम. हे अंतर मोजपट्टीने प्रत्यक्ष मोजावे. लहान ट्रॅक्टरांची चाके अनेकदा उलटसुलट बसवून रुंदी बदलता येते, त्यामुळे माहितीपत्रकातील आकडा आणि शेतातील ट्रॅक्टर यांत फरक असू शकतो.

बागेत काम करताना आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. झाडाच्या फांद्यांखाली ट्रॅक्टर जाऊ शकत नाही, पण बाजूला सरकवून जोडलेला कटर जाऊ शकतो. अशा बाजूला सरकणाऱ्या रचनेमुळे अरुंद कटरही आवश्यक तेथे पोहोचतो आणि केवळ पोहोच वाढविण्यासाठी रुंद यंत्र घेण्याचे कारण उरत नाही.

४.२ पहिली कमाल मर्यादा : पीटीओवरील शक्ती

ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. ती पीटीओपर्यंत पोहोचेपर्यंत गिअर, बेअरिंग, तेलाचे घुसळणे व हायड्रॉलिक पंप यांत घटते. लहान ट्रॅक्टरमध्ये पीटीओवर इंजिनशक्तीच्या साधारण ८० ते ८८ टक्के शक्ती मिळते. त्याशिवाय ट्रॅक्टरला स्वतः पुढे चालण्यासाठीही शक्ती लागते. चढावर व चिखलात ती अधिक लागते.

कटरला लागणारी शक्ती दर सेकंदाला कापल्या जाणाऱ्या वाढीच्या वजनावर मुख्यतः अवलंबून असते. दर चौरस मीटरला दीड किलो हिरवे गवत उभे आहे असे मानल्यास १.२ मीटर रुंदीचा कटर ताशी ४ किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे २ किलो गवत हाताळतो, १.५ मीटरचा कटर त्याच वेगाने २.५ किलो हाताळतो. रुंदीत एका फुटाने वाढ म्हणजे कामाच्या भारात चौथाईने वाढ होय.

अमेरिकेतील लहान ट्रॅक्टरधारकांमध्ये यासाठी एक अडाखा रूढ आहे : कटरच्या रुंदीच्या दर फुटास पीटीओवरील ५ अश्वशक्ती. हा अडाखा दाट तण व कोवळी झुडपे यांसाठी उपयुक्त मानला जातो. नियमित कापल्या जाणाऱ्या मऊ गवतासाठी दर फुटास ४ अश्वशक्तीवरही काम निभते. पीटीओ शक्ती इंजिनाच्या ८५ टक्के धरून केलेली आकडेमोड पुढील तक्त्यात दिली आहे.

तक्ता क्र. १ : शक्तीच्या दृष्टीने कटरची कमाल रुंदी

| इंजिन अश्वशक्ती | पीटीओ अश्वशक्ती | दाट तणासाठी कमाल रुंदी (सें.मी.) | मऊ गवतासाठी कमाल रुंदी (सें.मी.) |
|---|---|---|---|
| १५ | १२.७५ | ७८ | ९७ |
| २० | १७.०० | १०४ | १३० |
| २५ | २१.२५ | १३० | १६२ |
| ३० | २५.५० | १५५ | १९४ |

तक्त्यातील आकडे अडाख्यावर आधारित असल्याने ते काटेकोर मानू नयेत. तरीही त्यांतून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते : एकाच ट्रॅक्टरसाठी योग्य रुंदी ही वनस्पतीनुसार बदलते. कोकणातील बागेत भाद्रपदात कमरेएवढे वाढलेले गवत आणि दर महिन्याला कापले जाणारे वीतभर गवत ही यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळी कामे आहेत. कपाशीच्या पऱ्हाट्या हे तिसरेच काम आहे. त्या लाकडासारख्या टणक असल्याने कटरच्या रुंदीइतकीच त्याच्या गिअरबॉक्सची क्षमता व पात्यांची जाडी पाहावी लागते. गुलाबी बोंडअळीच्या नियंत्रणासाठी हंगाम संपताच पऱ्हाट्यांचा नायनाट करण्याची शिफारस केली जात असल्याने हे काम ठराविक दिवसांतच उरकावे लागते आणि यंत्र बंद पडणे परवडत नाही. उसाचे पाचट मात्र उभे नसून पसरलेले असते व आसाभोवती गुंडाळले जाते. त्यासाठी कुट्टी करणारे वेगळे यंत्र अधिक योग्य ठरते.

४.३ दुसरी कमाल मर्यादा : पुढील आसावरील भार

शक्तीची मर्यादा ओलांडली तर इंजिन आवाज बदलून तशी सूचना देते. वजनाची मर्यादा ओलांडली तर अशी सूचना मिळेलच असे नाही. म्हणून ही मर्यादा अधिक गंभीर होय.

मागे उचललेला कटर मागील आसाभोवती तरफेप्रमाणे कार्य करतो. कटरचे वजन मागील चाकांवर तर येतेच, शिवाय पुढील चाकांवरील भारही हलका होतो. पुढील चाके हलकी झाली की सुकाणू निकामी होते. चढावर किंवा क्लच झटक्याने सोडल्यास ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते. पुढील आसावर ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाच्या किमान २० टक्के भार राहावा, असा संकेत ट्रॅक्टरांच्या माहितीपुस्तिकांत आढळतो.

उदाहरणादाखल ८०० किलो वजनाचा, १.४ मीटर चाकांतराचा ट्रॅक्टर घेऊ. त्याच्या पुढील आसावर मुळात ४० टक्के, म्हणजे ३२० किलो भार आहे. संकेतानुसार किमान १६० किलो भार तेथे राहिला पाहिजे.

(अ) १.२ मीटर रुंदीचा, १५० किलोचा कटर जोडला व त्याचा गुरुत्वमध्य मागील आसापासून १.२ मीटर मागे असेल, तर पुढील आसावरील घट १५० × १.२ ÷ १.४ = सुमारे १२९ किलो होते. शिल्लक भार १९१ किलो राहतो. हा भार पुरेसा आहे.

(आ) १.५ मीटर रुंदीचा, २०० किलोचा कटर जोडला व त्याचा गुरुत्वमध्य १.३ मीटर मागे असेल, तर घट २०० × १.३ ÷ १.४ = सुमारे १८६ किलो होते. शिल्लक भार १३४ किलो, म्हणजे आवश्यकतेपेक्षा २६ किलो कमी राहतो.

दुसऱ्या स्थितीत पुढील आसाच्या अर्धा मीटर पुढे सुमारे २० किलोची वजने टांगून तूट भरून काढता येते. परंतु हा हिशोब सपाट जमिनीवर उभ्या ट्रॅक्टरचा आहे. चढावर ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्यच मागे सरकतो, आणि बांध ओलांडताना कटर वरखाली आदळत असल्याने क्षणिक भार वजनापेक्षा अधिक असतो. म्हणून कागदावर जेमतेम जुळणारा हिशोब शेतात जुळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर हायड्रॉलिक लिफ्टच्या उचलक्षमतेत शोधणे ही दिशाभूल करणारी पद्धत आहे. ट्रॅक्टर ५०० किलो उचलू शकतो याचा अर्थ ५०० किलो उचलून तो सुरक्षित चालू शकतो असा होत नाही. शिवाय उचलक्षमता जोडणीच्या टोकाशी मोजली आहे की त्यापासून काही अंतर मागे मोजली आहे, यावर आकडा बराच बदलतो. दोन माहितीपत्रकांतील आकड्यांची तुलना करण्यापूर्वी मोजणीचा बिंदू एकच आहे याची खात्री केली पाहिजे.

५. रुंदी व प्रत्यक्ष काम यांचा संबंध

मोठा कटर घेण्यामागे ‘काम लवकर उरकेल’ ही अपेक्षा असते. ती कितपत खरी ठरते हे तपासणे आवश्यक आहे. तासाला हेक्टरमध्ये होणारे काम म्हणजे रुंदी (मीटर) गुणिले वेग (किलोमीटर प्रतितास) गुणिले कार्यक्षमता, भागिले १०. कार्यक्षमता ८० टक्के धरल्यास १.२ मीटरचा कटर ताशी ४ किलोमीटर वेगाने तासाला ०.३८४ हेक्टर, म्हणजे सुमारे ०.९५ एकर काम करतो. १.५ मीटरचा कटर त्याच वेगाने ०.४८ हेक्टर, म्हणजे सुमारे १.१९ एकर करतो. पाच एकरांसाठी पहिल्याला सुमारे सव्वापाच तास व दुसऱ्याला सव्वाचार तास लागतात. फरक एका तासाचा आहे.

परंतु हा फरक वेग समान राहिला तरच टिकतो. शक्ती अपुरी असल्याने मोठ्या कटरचा वेग ताशी ३ किलोमीटरवर आणावा लागला, तर त्याचे काम तासाला ०.३६ हेक्टर, म्हणजे सुमारे ०.८९ एकर होते. पाच एकरांना साडेपाच तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणजे अधिक किमतीचे, अधिक वजनाचे यंत्र लहान यंत्रापेक्षा कमी काम करते. २० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे १.५ मीटरचा कटर जोडल्यास दर फुटास जेमतेम साडेतीन पीटीओ अश्वशक्ती मिळते, हे ध्यानात घेता अशी वेळ येणे अपवादात्मक नाही.

बागेतील ओळींमुळे या प्रश्नास आणखी एक परिमाण प्राप्त होते. संत्र्याच्या बागेत ६ मीटर × ६ मीटर अंतर रूढ आहे. झाडांचा घेर २.८ मीटर असल्यास दोन ओळींमध्ये ३.२ मीटरचा मोकळा पट्टा उरतो. प्रत्येक फेरीत १० सेंटिमीटर गवत दुबार कापले जाते असे धरल्यास १.२ मीटरच्या कटरने तीन फेऱ्यांत ३.४ मीटर रुंदी होते व पट्टा पूर्ण होतो. १.५ मीटरच्या कटरने दोन फेऱ्यांत २.९ मीटरच होते. त्यामुळे तिसरी फेरी टळत नाही. येथे रुंदीचा लाभ शून्य आहे. याउलट १० मीटर × १० मीटर अंतरावरील आंब्याच्या बागेत मोकळा पट्टा मोठा असल्याने रुंदीचा लाभ मिळू शकतो. म्हणून कटर घेण्यापूर्वी ओळींमधील मोकळी जागा मोजून फेऱ्यांची संख्या काढणे हे माहितीपत्रक वाचण्याइतकेच महत्त्वाचे होय.

६. सुरक्षिततेचे परिमाण

आकारमान वाढले की धोक्याचे प्रमाणही वाढते. त्याची तीन रूपे विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिले रूप फिरत्या पात्यांत साठणाऱ्या ऊर्जेचे आहे. २५ किलो वजनाची पाती व पट्टी ०.४ मीटर परिणामी त्रिज्येवर मिनिटाला १००० फेरे घेत असतील, तर त्यांत सुमारे २२ हजार जूल ऊर्जा असते. एक टन वजनाचा ट्रॅक्टर व कटर ताशी ४ किलोमीटर वेगाने जाताना त्याच्या पुढे जाण्याची ऊर्जा जेमतेम ६०० जूल असते. म्हणजे पात्यांतील ऊर्जा पस्तीसपट अधिक आहे. ज्या ट्रॅक्टरमध्ये एकाच क्लचवर चाके व पीटीओ दोन्ही चालतात, तेथे क्लच दाबला तरी फिरती पाती उलट बाजूने गिअरबॉक्सला ढकलीत राहतात आणि ट्रॅक्टर बांधाच्या कडेला थांबण्याऐवजी पुढे जातो. यावर उपाय म्हणजे एकाच दिशेने शक्ती जाऊ देणारा ओव्हररनिंग क्लच होय. जुन्या व साध्या रचनेच्या लहान ट्रॅक्टरसाठी तो अनिवार्य समजला पाहिजे.

दुसरे रूप उडणाऱ्या दगडांचे आहे. १०० ग्रॅम वजनाचा खडा सेकंदाला ६० मीटर वेगाने फेकला गेला तर त्यात १८० जूल ऊर्जा असते. एक किलोचे वजन सुमारे १८ मीटर उंचीवरून पडावे इतका हा आघात आहे. म्हणून कटरच्या पुढे व मागे साखळ्यांचा पडदा असलाच पाहिजे आणि यंत्र चालू असताना मजूर, मुले व जनावरे दूर असलीच पाहिजेत. पडदे काढून टाकल्याने गवत अधिक सहज आत येते, हा समज त्यापुढे क्षुल्लक आहे.

तिसरे रूप उघड्या पीटीओ दांड्याचे आहे. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. ७ सेंटिमीटर जाडीच्या दांड्याभोवती सेकंदाला सुमारे दोन मीटर कापड गुंडाळले जाते. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा उपरण्याचे टोक अडकल्यास हात आखडून घेण्याइतका अवधीही मिळत नाही. दांड्यावरील प्लॅस्टिकचे आवरण तुटले असेल तर ते बदलणे हा खर्च नव्हे, तो यंत्र चालविण्याची पूर्वअट आहे.

यंत्राच्या संरक्षणासाठी बसविलेला शिअर बोल्ट अथवा स्लिप क्लचही आकारमानाशी निगडित आहे. बुंध्यावर पाते आदळले की शिअर बोल्ट तुटून गिअरबॉक्स वाचतो. बोल्ट वारंवार तुटतो म्हणून त्याजागी अधिक कणखर बोल्ट घालण्याची पद्धत आढळते. वारंवार तुटणारा बोल्ट हा दोष नसून निदान आहे : यंत्रावर त्याच्या क्षमतेबाहेरचे काम लादले जात आहे, हे तो सांगत असतो.

७. निवडीची पद्धती

उपरोक्त विवेचनावरून निवडीचा क्रम पुढीलप्रमाणे मांडता येतो.

(१) मागील चाकांची बाहेरील रुंदी मोजावी. ही किमान मर्यादा होय.
(२) पीटीओवरील शक्ती जाणून घ्यावी. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेच्या चाचणी अहवालांत ही माहिती मिळते. वर्षातील सर्वात अवघड कापणी कोणती हे ठरवून त्यानुसार कमाल रुंदी काढावी.
(३) कटरचे वजन व त्याच्या गुरुत्वमध्याचे अंतर विचारून पुढील आसावरील शिल्लक भार काढावा.
(४) जोडणी तपासावी. लहान ट्रॅक्टरांची जोडणी बहुधा पहिल्या श्रेणीची असून खालच्या खिळीचा व्यास २२ मिलिमीटर असतो. दुसऱ्या श्रेणीच्या अवजारास २८ मिलिमीटरची खीळ लागते. अवजार मोठ्या श्रेणीचे असणे हीच ते ट्रॅक्टरसाठी जड असल्याची पहिली खूण होय.
(५) बागेतील मोकळ्या पट्ट्यात किती फेऱ्या होतात ते मोजावे व त्यानंतरच दोन रुंदींची तुलना करावी.

या क्रमाने जाताना कधी असे आढळते की किमान मर्यादाच कमाल मर्यादेपेक्षा मोठी आहे. १५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरची चाकांची रुंदी ९५ सेंटिमीटर असेल, तर तक्ता क्र. १ नुसार मऊ गवतासाठी ९७ सेंटिमीटरचा कटर चालेल, पण दाट तणासाठी ७८ सेंटिमीटरहून मोठा कटर चालणार नाही. दाट तणासाठी या ट्रॅक्टरला योग्य असा कटर अस्तित्वातच नाही, असा याचा अर्थ होतो. अशा वेळी यंत्र नव्हे तर कामाची पद्धत बदलणे आवश्यक ठरते. गवत वाढण्यापूर्वी वारंवार कापणे, पहिली फेरी उंचावरून व दुसरी खालून घेणे, प्रत्येक फेरीत कटरची अर्धीच रुंदी वापरणे, किंवा वर्षातून एकदाची अवघड कापणी अवजारे बँकेतून भाड्याने आणलेल्या मोठ्या ट्रॅक्टरकडून करून घेणे, हे त्याचे पर्याय होत. वर्षातील एका दिवसाच्या कामासाठी उरलेले सर्व दिवस जड यंत्र बाळगणे हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही निकषावर समर्थनीय ठरत नाही.

८. महाविद्यालयीन विस्तारकार्याच्या दृष्टीने महत्त्व

या विषयातील गणित अकरावीच्या पदार्थविज्ञानापलीकडचे नाही. तरफेचा नियम, वर्तुळाकार गती, गतिज ऊर्जा व साधा गुणाकार एवढ्यावर ते उभे आहे. तरीही खरेदीच्या वेळी हे गणित क्वचितच मांडले जाते. कारण शेतकऱ्यासमोर असलेला सल्लागार हा बहुधा विक्रेताच असतो. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे तज्ज्ञ प्रत्येक गावात पोहोचू शकत नाहीत. ग्रामीण महाविद्यालये मात्र त्या परिसरातच असतात. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गावातील ट्रॅक्टरांचे आसभार वजनकाट्यावर मोजणे, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी एकरी खर्च काढणे, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी उतार व पर्जन्यमानाची नोंद ठेवणे अशा रीतीने राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून हा विषय सहज हाताळता येईल. ज्ञानशाखांचा समन्वय ही संकल्पना अशा प्रत्यक्ष प्रश्नांतूनच अर्थपूर्ण होते.

९. निष्कर्ष

(१) रोटरी कटरची योग्य रुंदी इंजिनाच्या अश्वशक्तीवरून ठरत नाही. चाकांची रुंदी ही किमान आणि पीटीओ शक्ती व पुढील आसावरील भार या कमाल मर्यादा यांच्या दरम्यान ती शोधावी लागते. दोन कमाल मर्यादांपैकी जी लहान असेल ती निर्णायक होय.
(२) क्षमतेबाहेरचा रुंद कटर वेग घटवावा लागल्याने लहान कटरपेक्षा कमी काम करू शकतो.
(३) बागेतील फेऱ्यांची संख्या पूर्णांकात असल्याने रुंदीतील प्रत्येक वाढ उपयोगी पडतेच असे नाही.
(४) ओव्हररनिंग क्लच, साखळ्यांचे पडदे, पीटीओ आवरण व पुढील वजने यांना यंत्राच्या किमतीचाच भाग मानले पाहिजे.
(५) दोन्ही बाजूंच्या मर्यादा जुळत नसतील तर खरेदी टाळून कामाची पद्धत बदलणे अथवा भाड्याचा पर्याय स्वीकारणे श्रेयस्कर होय.

सारांश, लहान ट्रॅक्टरची उपयुक्तता त्याच्या लहानपणातच आहे. त्याच्यावर मोठ्या ट्रॅक्टरचे अवजार लादल्यास तो मोठा होत नाही. त्याच्या अंगी असलेले गुणही तो गमावून बसतो. मोजपट्टी, वजनकाटा व तासाभराची आकडेमोड यांच्या साहाय्याने हा निर्णय शास्त्रशुद्ध पायावर घेता येतो आणि अल्पभूधारकाचे भांडवल व चालकाचे प्राण या दोहोंचे रक्षण करता येते.